सगळं एकाच पाकिटात

करमाडला एसटीतून उतरताना माझी लॅपटॉपची बॅग निसटली आणि कुणीतरी ती अलगद झेलली. "सांभाळून," तो म्हणाला... आणि मी आभार मानायचं सोडून बघतच राहिले.

दोघंही आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एकाच वर्कशॉपला निघालो होतो. तो अभय, शेंद्र्याच्या आमच्याच कंपनीत नवा. या पुरवठादाराच्या कॉम्प्युटरवर एक्सएमएलमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वाचता येईल अशा ठरावीक साच्यातून, ऑर्डर कशी पाठवायची, याची एक पद्धत त्याची, एक माझी. आज जी टिकेल ती साहेब ठेवणार होते. माझं डिझाइन पहिल्यांदाच इथवर पोचलं होतं.

"तुमचं म्हणजे पत्रच," तो हसला. "सगळं एकाच पाकिटात. माझं बघा — त्यांच्या कॉम्प्युटरवरची ऑर्डर जणू आपल्याच हातात. आधी नग भरा, मग तारीख... एकेक करून."

"आणि मधेच लाइट गेली तर?"

"कशाला जाईल?"

करमाडला नवा होता बिचारा.

लाइट गेलीच. त्याच्या ऑर्डरीत पाचशे नग भरले गेले, तारीख राहिली. लाइट नसतानाच मी माझी लॅपटॉपवरून पाठवली. ती शेंद्र्याच्या आमच्या सर्व्हरवर निमूट थांबली आणि तासाभरानं लाइट येताच पूर्ण पोचली. त्या वर्कशॉपात लेथ मशीनवर माझे बाबा असतात, मोतीराम. हात पुसून त्यांनी छापील कागद वाचला.

"समदं हाय यात. कुणाला इचारायचं काम नाय." मग वर्कशॉपच्या मालकांकडं वळून म्हणाले, "माझ्या पोरीनं केलंय."

माझा ऊर भरून आला. तेवढ्यात अभयनं स्वतःहून साहेबांना फोन लावला. "सर, करुणाचीच पद्धत ठेवा. माझी इथं टिकली नाही."

हरूनही इतका ताठ उभा राहिलेला माणूस मी पाहिला नव्हता. त्याचाही अभिमान वाटला, उगीच.

परत स्टॉपवर आलो.

"चहा घेणार?... रविवारी काय करता?... घरी कोण कोण—"

"एकेक करून विचारू नका. लाइट जाईल."

तो हसला, मग गंभीर झाला. "बरं. तुम्ही मला आवडता. लग्नाचं मनात आहे. तुमच्या घरी यायचंय. उत्तराची घाई नाही, सवडीनं द्या."

एसटीत शेंद्र्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंही एकदासुद्धा विचारलं नाही. उतरताना मी बॅग त्याच्या हातात दिली.

"हो. रविवारी या. बाबांनी तुमचा तो फोन ऐकलाय."