धवल्यांचं फोल्डर

"तुमच्याकडची सगळ्यात लांब नेटवर्कची वायर द्या," मी कोपरखैरण्याच्या दुकानात म्हटलं. शेजारी की-बोर्ड चाचपत उभा असलेला एकजण वळून म्हणाला, "कुठून कुठे न्यायचीय?"

"खालच्या खोलीतून वरच्या खोलीत."

"मग घाई नका करू. आधी बघू या, बिघडलंय काय ते."

बघू या...? मी त्याच्याकडे नीट पाहिलं. उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात न्हावा शेव्याच्या कुठल्याशा कंटेनर यार्डाचं ओळखपत्र. माझ्या नजरेनं तो वरमला.

"सॉरी... यार्डात दिवसभर कॉम्प्युटरच सांभाळतो ना, तोंडातून निघून गेलं. मी सुगत."

का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगत सुटले. माझी आई, गिरजाबाई, पावणे गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवले म्हणजे लग्नाची गाणी तीच म्हणायची. माझे वडील, अप्पा, मांडवामांडवांत तिच्यामागे रेकॉर्डर घेऊन फिरले. अप्पा गेले, आणि ती सगळी गाणी खालच्या जुन्या कॉम्प्युटरवर राहिली. आता आईच्या फुप्फुसांनी दगा दिला होता. गाणं दूर, चार शब्द बोलली तरी तिला धाप लागे. मी खाली बसून गाण्यांतली खरखर काढायची आणि तिनं वर पलंगावर लॅपटॉपवर ती ऐकून शब्द सांगायचे, असं आमचं ठरलं होतं. पण खालचं फोल्डर वर दिसेचना. दर ओळीला पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढेपर्यंत ती दमून झोपलेली असायची.

"डॉक्टर काय म्हणतात?" त्यानं हळूच विचारलं.

"रविवारी बघायला याल?" मी म्हटलं आणि घरचा पत्ता लिहून दिला.

रविवारी तो आला. कॉम्प्युटर बघितला, जिना चढला, लॅपटॉप बघितला, पुन्हा उतरला.

"वरचा राऊटर कोणी बसवला?"

"चुलतभावानं. वर रेंज येत नव्हती."

"त्यामुळे वर वेगळंच नेटवर्क झालंय. इंटरनेट दोघांना मिळतं, पण वरचा लॅपटॉप खालच्या कॉम्प्युटरला ओळखत नाही." त्यानं वरच्या राऊटरची सेटिंग बदलली, खालचंच नेटवर्क वर नेलं. फोल्डर दिसलं! मी उघडायला गेले, तर पासवर्ड मागितला.

"अप्पांनी पासवर्ड ठेवलाच नव्हता," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"म्हणूनच अडतंय. बिनपासवर्डाच्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाहीत. अप्पांचं तसंच राहू दे, आपण नवीन खातं काढू. गाणी फक्त ऐकता येतील, चुकून पुसली जाणार नाहीत. पासवर्ड काय ठेवू?"

"तुम्हीच ठेवा."

"मग तो मलाच लक्षात राहील. तुम्हाला फोन करून विचारावा लागेल..."

मी हसले. त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं होतं.

वर लॅपटॉपवर आईचा आवाज लागला. तिचाच, तरणाताठा, मांडव भरून टाकणारा. तिनं डोळे मिटले. मग सुगतकडे बघून म्हणाली, "पोरा, तू कुठला हायस?"

"महाडकडचे आम्ही. बौद्ध." त्यानं सरळ सांगितलं आणि थांबला... पुढचं ऐकायची सवय असल्यासारखा.

"उभा कनाला? बस," आई म्हणाली. "श्रुते, च्या टाक."

पासवर्ड मला त्याच दिवशी पाठ झाला होता. तरी मंगळवारी फोन केला. त्यानंही मला पाठ आहे हे ओळखलं असणार, कारण एकेक अक्षर फार सावकाश सांगितलं.

मग तो येतच राहिला. मी खाली गाणं साफ करायची, तो वर आईजवळ बसून शब्द टाइप करायचा. एकदा तिनं त्याचा हात धरून थांबवलं. "हळद नाय, हलद लिव. मी हळद कवाच गायली नाय." त्यानं खोडून 'हलद' लिहिलं. मी दारात चहा घेऊन उभी होते. त्यानं मान वर केली, आमची नजर भेटली... आणि मला कळलं, आता माझं काही खरं नाही.

माघात आई गेली. काही धवले राहूनच गेले. जिथे शब्द कळले नाहीत तिथे आम्ही ठिपके ठेवले आहेत. ते भरायला आता कोणी नाही.

तेरावं झाल्यावर सुगत आला. ओटीवर माझे मामा, गंगाराममामा, बसले होते. त्यांनी त्याला दारातच अडवलं. "काम झाला ना रं तुझा? मंग आता कनाला येतंस? लोका बोलतान."

सुगतनं मान खाली घातली. "बरोबर आहे, मामा. काम झालंय." तो वळला.

मी आतून धावत आले. "सुगत, थांब!" आजवर मी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. तो पायरीवर खिळला.

"मामा, हा कामासाठी यायचा असं तुम्हाला वाटलं? आईला सगळं कळलं होतं. तिनं याला कधी दारात उभं केलं नाही." मी पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. "मला याच्याशी लग्न करायचंय. तो... तो हो म्हणाला तर."

सुगत बघतच राहिला. डोळे भरले होते. "मी कधीचा हो म्हणतोय, श्रुती. फक्त तुझ्या घरी दुःख होतं... कसं बोलणार?"

मामा भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे, त्यावरच्या ताज्या हाराकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला. मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि बाकावर जरासे सरकले.

"बस रं," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आयबापूस कंदी येतान तुझं?"