न दिलेला आवाज

मी माणसांचे कान तपासते. त्यासाठी कपाटाहून जराशी मोठी, जाड दाराची एक खोली लागते. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी काचेच्या अलीकडे बसून बारीक बारीक आवाज देते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्यापुढे दिवा लागतो. काम एवढंच. यात अंदाजपंचे काही चालत नाही, म्हणूनच मला ते आवडतं.

एका शहरातल्या सरकारी रुग्णालयाचं पत्र आलं तेव्हा आम्ही तिघं दोन खोल्यांत राहत होतो. नवऱ्याची तंत्रशाळेतली नोकरी दर वर्षी नव्याने मागावी लागायची. मुलगी नऊ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतो. ती जन्मापासून बहिरी. दोन वर्षांची असताना शस्त्रक्रिया झाली, आता कानामागे यंत्र लावलं की ऐकते, आणि बोलायला लागली की आम्हा दोघांना गप्प बसवते. पण यंत्र काढलं की शेजारी तोफ डागा, तिची पापणी हलणार नाही. हे मी आई म्हणून सांगत नाही. तिचे कान वर्षातून दोनदा मीच तपासते.

पत्रात लिहिलं होतं की कान तपासणाऱ्याची जागा सहा वर्षं रिकामी आहे, राहायला पाच खोल्यांचं घर मिळेल, आणि तिथल्या तंत्रशाळेत नवऱ्याला कायमची जागा देता येईल. तीन दिवस येऊन राहा, बघा, मग ठरवा.

नवरा पत्र वाचून म्हणाला, आंधळा मागतो एक डोळा. तो आनंदात असला की म्हणींवर येतो.

आम्ही गेलो. ते शहर एकेकाळी रेल्वेची चाकं घडवायचं. सत्तर घण, रात्रंदिवस तीन पाळ्या. कारखाना बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती. रस्ते मात्र तेव्हाच्या हिशेबाने रुंद होते आणि त्यांवर सहाजण घेऊन एखादी बस जायची. दुकानांची शटरं गंजून फुगली होती. चौकातला सिग्नल नुसता पिवळा मिचमिचत होता. हवेला ओल्या लोखंडाचा आणि जुन्या वंगणाचा वास. नवरा म्हणाला, इथे गाडी लावायला जागा शोधावी लागणार नाही, माणूस शोधावा लागेल. आम्ही दोघंही हसलो. पण घर पाहिलं आणि हसणं थांबलं. उंच छत, पुढेमागे उजेड, मागे फरशी घातलेलं अंगण. भिंगरी पाचही खोल्यांतून धावत सुटली. नवरा एका रिकाम्या खोलीत मधोमध उभा राहून नुसता भिंतींकडे बघत होता. त्याला आयुष्यात स्वतःची खोली कधी मिळालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं की आलाच आहात तर थोडे पेशंट बघाल का. अकराजण बाहेर बाकावर बसले होते. सगळे कारखान्यातले निवृत्त, सगळे जवळजवळ ठार बहिरे. मी यादीप्रमाणे पहिलं नाव लिहून दाखवलं, तर उठला भलताच माणूस. सिस्टर म्हणाली, असू द्या मॅडम, ते आपल्या क्रमानेच येतात. सिस्टर तिथलीच, त्याच वस्तीत लहानाची मोठी झालेली.

पहिल्याने मधेच एकदा बटण दाबलं. मी आवाज दिला नव्हता.

असं होतं. कान गेलेल्यांना आतून गुणगुण ऐकू येते, त्यात ते चुकतात. मी कागदावर खूण केली आणि पुढे गेले. दुसऱ्यानेही दाबलं, तेही एकदाच. तिसऱ्यानेही. पाचव्या माणसापासून मी काचेतून नीट बघायला लागले. आतला माणूस ढिला बसलेला असायचा. मग एकदम पाठ ताठ करायचा, बटण घट्ट दाबायचा, ओठ हलायचे, आणि पुन्हा ढिला पडायचा. त्यानंतर चुकून म्हणून दाबायचा नाही. गुणगुण अशी शिस्तीत येत नाही.

अकरावे एक म्हातारे होते, तीस वर्षं घणावर काढलेले. त्यांची तपासणी झाल्यावर मी कागदावर लिहून विचारलं, मधे काय ऐकू आलं?

“नाव,” ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं जरा मोठ्याने. “हजेरी घेतात ना.”

कोण घेतं, असं मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

“बाहेर वाऱ्यात अर्धं कळत नाही. तुमच्या या खोलीत मात्र छान ऐकू आलं, बाई. तुम्ही इथे राहा.”

ते गेल्यावर मी स्वतः आत बसले, दार लावून घेतलं. दहा मिनिटं. माझ्याच रक्ताची सळसळ आणि गिळल्याचा आवाज, बाकी काही नाही. बाहेर आले तर सिस्टर कागद लावत होती. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की तिच्या वडिलांनाही यायचं ऐकू. “आमचे कान धड आहेत,” ती म्हणाली, “आम्हाला नाही येत.”

तिच्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हाच लागायला हवा होता. पण मी जुन्या सवयी, एकटेपणा, एकमेकांना सांगून सांगून खरी झालेली गोष्ट, असं सगळं मनात जुळवत घरी गेले. दुपारचे तीन वाजले होते. नवरा पुढच्या खोलीत टेप घेऊन कपाटाची मापं काढत होता. भिंगरी न्हाऊन मागच्या अंगणात केस वाळवत उभी होती. तिचं यंत्र मोरीच्या खिडकीत, टॉवेलवर ठेवलेलं होतं.

ती पाठमोरी होती. मान किंचित डावीकडे कललेली.

नऊ वर्षं मी त्या मानेकडे बघत आले आहे. यंत्राशिवाय ती मान कधी कशाकडे कललेली नाही. ऐकणारं मूल जसं आवाजाची दिशा शोधतं, अगदी तशी ती उभी होती. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. मी दारातच थबकले, हललेसुद्धा नाही.

मग तिने हात वर केला. वर्गात करतात तसा.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. जमिनीतून कंपनं येत असतील, म्हणाला, जुन्या कारखान्याखाली पोकळ्या असतात, पाणी शिरतं. बहिऱ्या माणसाला कंपनं आधी कळतात हे तूच मला शिकवलंस. आणि मूल काय, हात वर करतं, खाली करतं. त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. मला ते पटवून घ्यायचंही होतं. उद्या अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांकडे सह्या करायच्या असं ठरलं. भिंगरीला विचारलं तर ती म्हणाली की तिला इथेच राहायचंय, इथे तिला सगळे ओळखतात. आम्हाला येऊन दोन दिवस झाले होते.

तिसऱ्या दिवशी साडेनऊलाच मी तिला घेऊन रुग्णालयात गेले. नवऱ्याला म्हटलं, नेहमीची तपासणी करून टाकते.

खोलीत बसवलं. यंत्र काढून माझ्या हातात घेतलं. हेडफोन घातले आणि त्यांची वायर मी मशीनमधून उपसून टेबलावर ठेवली. तिच्या कानांपर्यंत आता कशानेही काही पोचणार नव्हतं. दार लावलं.

चार मिनिटं दिवा लागला नाही. मी घड्याळ बघत होते. श्वास मोकळा व्हायला लागला होता.

दिवा लागला.

विझला. पुन्हा लागला. म्हाताऱ्यांसारखा एकदाच नाही; थांबून थांबून, लागतच राहिला. काचेपलीकडे ती हसत होती. तिचे ओठ हलत होते. थांबत होती, ऐकत होती, मान डोलवून पुन्हा बोलत होती.

मी दार उघडलं. ती चिडली.

“मधेच काय गं, आई.”

तिला माझे ओठ वाचता येतात. मी सावकाश विचारलं, कोण बोलतंय?

“नावं घेतात. माझंही घेतलं. मग विचारलं, घरी कोण कोण असतं.”

“तू काय सांगितलंस?”

“आई आणि बाबा.” ती जरा थांबली. “म्हटलं, आई आहे, पण तिला ऐकू येत नाही.”

मी यंत्र तिच्या कानामागे लावलं. ते दोनदा निसटलं. तिचा दंड धरून बाहेर आले. व्हरांड्यात नवरा समोरून येत होता, हातात सह्यांचे कागद, नवं पेन. मी म्हटलं, तिचा दिवा लागला, आपण निघायचं, आत्ताच. त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. एवढी चालून आलेली संधी तू एका दिव्यापायी घालवतेस, असं काहीसं तो बोलायला लागला. मी ऐकत नव्हते. भिंगरीचा दंड कधी सुटला मला कळलं नाही.

बाकावर कालचेच अकराजण बसले होते. आज त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

कोणी काही बोललं नाही. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. पण ते सगळे एकदम, एकाच वेळी, एक वीत उजवीकडे सरकले.

डाव्या टोकाला एका लहान माणसापुरती जागा झाली.

भिंगरी गेली आणि तिथे बसली. हात मांडीवर, पाठ ताठ.

नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्याने कागद तिथेच खिडकीत ठेवले, बाकापाशी गेला, तिला उचलून खांद्यावर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, आताशा तो तिला उचलत नाही. तशीच घेऊन तो फाटकापर्यंत चालत गेला. कपडे, टॉवेल, टेप, सगळं त्या घरात राहिलं. पहिली बस मिळाली ती धरली. शहराबाहेरच्या पुलावर भिंगरी हुंदके देऊन रडली. पूल संपला तशी गप्प झाली.

याला पाच महिने झाले. आम्ही त्याच दोन खोल्यांत आहोत. नवऱ्याने यंदाही अर्ज केला, यंदाही नोकरी मिळाली. त्या शहराचा विषय तो काढत नाही. मी काढला तर उठून पाणी प्यायला जातो. भिंगरीला मी इथल्या माझ्या दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत तीनदा बसवलं. एकदाही दिवा लागला नाही. मी देवाला फारशी मानत नाही, पण तिन्ही वेळा हात जोडले.

माझे कानही मी दर वर्षी तपासते, धंद्याचा नियम म्हणून. या वेळी आलेखात चार हजार कंपनांच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, रेषेवर दोन्ही कानांना खड्डा निघाला. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजाशेजारी उभं राहणाऱ्या माणसाला तसा पडतो. मला वाटलं मशीन बिघडलं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने मशीन ठीक असल्याचं लिहून दिलं. महिन्याने पुन्हा तपासलं. खड्डा रुंद झालेला होता. आता इथल्या सिस्टरने मागून हाक मारली तर कधी कधी मला कळत नाही. घरी मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की मी आत जाऊन दार लावून बसते. पंधरा मिनिटं, कधी वीस. कशासाठी, ते मला विचारू नका.

परवा दार उघडलं तर बाहेर भिंगरी उभी होती. शाळेतून परस्पर आली होती, पाठीवर दप्तर. यंत्र काढून तिने मुठीत धरलं होतं. बराच वेळ उभी असावी, कारण पाय बदलत होती.

“तुझं नाव आलं का?” तिने हळूच विचारलं.