लोखंडी अंगठीचा ठोका

“एक, दोन, तीन... आता तू, सेव्हेरिन!”

आईचा हा आवाज तेक्लाच्या कानात जन्मभर राहिला. पियानोच्या बाकावर आई आणि भाऊ शेजारी बसायचे. खालचे जाड सूर आईचे, वरचे बारीक सूर त्याचे. आई तीन ठोके द्यायची, थांबायची, त्याची वाट बघायची.

तेक्ला म्हणजे माझ्या आजीची आई. हे तिच्यासमोर घडलंय, एक अक्षर पदरचं नाही. त्यातला मुका पियानो अजून आमच्या घरात आहे. त्यावरचं कापड मी काढत नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. झितोमिर शहर मागे पडलं होतं, बहीण-भाऊ कीवकडे निघाले होते. सेव्हेरिनचं नाव तोवर व्हिएन्नापर्यंत गाजलेलं. कीवच्या हिवाळी जत्रेत तो नवी रचना वाजवणार होता. आईसाठी बांधलेली.

प्रवासात बोटं आखडू नयेत म्हणून बर्फगाडीत त्याच्या मांडीवर मुका पियानो असायचा. तारा नाहीत, नुसत्या लाकडी पट्ट्या.

“मालक, तुमचा पियानो मुका, माझा घोडा बहिरा,” गाडीवान ओस्ताप म्हणाला. “सोयरीक जमवू का?”

“आधी घोड्याला विचार!” सेव्हेरिन हसला. मग तेक्लाला म्हणाला, “कीव झालं की थेट घरी. ईस्टरला आईच्या हातचा खसखस भरलेला गोड पाव.”

तेक्ला बाहेर बघत राहिली.

सकाळीच गावाकडचा माणूस तिला एकटीला गाठून गेला होता. आत्ता मागे फिरलं, तर आईला माती द्यायला पोचता येत होतं. पण मागे फिरला, तर भाऊ पुन्हा पियानोला हात लावणार नाही, ही तिला धास्ती.

तिनं बातमी गिळली होती.

वाटेतल्या क्रुसापाशी घोड्याचा पट्टा सुटला. गाडी थांबली. घुंगरं थांबली. सेव्हेरिननं पियानो बाजूला ठेवून त्यावर घोंगडी टाकली.

आणि...

टक्... टक्... टक्...

मग काहीच नाही.

“घोडा खूर आपटतोय,” तेक्ला म्हणाली.

“माझा घोडा खांबासारखा उभा आहे, बाईसाहेब.”

टक्... टक्... टक्...

पुन्हा तेवढीच शांतता. वाट बघितल्यासारखी.

लाकडावर लोखंडाचा ठोका होता तो. झारविरुद्धच्या उठावात नवरा गेला, तेव्हा आईनं सोनं उतरवून शोकाची काळी लोखंडी अंगठी घातली होती. वाजवताना ती पट्टीवर आपटायची.

सेव्हेरिननं घोंगडी ओढली. खालच्या टोकाच्या पट्ट्या दबलेल्या होत्या...

त्यानं हातमोजा काढून बोट टेकवलं.

“गरम आहेत, तेक्ला.”

तिनं मान फिरवली.

“ही आई आहे. आपली बाजू वाजवतेय. तुला काही कळलंय का गं?”

“नाही रे. काय कळणार?”

त्यानं वरच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली.

टक्... टक्... टक्...

त्यानं वाजवलं नाही. बहिणीकडे बघत राहिला.

ओस्तापनं छातीवर क्रुसाची खूण केली. “बोला, बाई,” तो हळूच म्हणाला. “गेलेल्या जिवाला असं ताटकळत ठेवू नये.”

दबलेल्या पट्ट्या एकेक करून वर आल्या. पुन्हा ठोका पडला नाही.

“आई गेली, सेव्हेरिन,” तेक्ला म्हणाली. “सकाळी गावाकडचा माणूस सांगून गेला. शेवटपर्यंत पांघरुणावर तीन ठोके द्यायची... आणि थांबायची.”