परतीचा टोला

खानावळीतली जेवणं आटोपली होती. अबिलिओकाकांनी शेगडीत एक ओंडका सारला आणि म्हणाले, "लेओन्सिओ घंटेला हात का लावत नाही, हे विचारत होतीस ना, नुरिया? त्याने मला स्वतः सांगितलंय. पदरचा एक शब्द घालणार नाही."

"तुम्ही? मागच्या खेपेला लांडगा घोड्याएवढा केला होतात," नुरियाचा भाऊ गोयो म्हणाला.

"मग तू बाहेर धुक्यात जाऊन बस."

गोयोने खुर्ची शेगडीजवळ ओढली.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, जानेवारीतल्या सान आन्तोनच्या सणाच्या आदल्या रात्रीची. लेओन्सिओ आणि त्याचा धाकटा भाऊ बाउदिलिओ, दोघंही बिनलग्नाचे, एकाच घरात राहणारे. दुपारी बाउदिलिओ वरच्या कुरणातून गाभण घोडी आणायला निघाला. नेहमीचंच काम. जाताना म्हणाला, "दादा, सूप पाणचट करू नकोस. कालचं घोडीनेसुद्धा प्यायलं नसतं."

दिवस कलला तसं खिंडीतून धुकं उतरलं. अंधार पडल्यावर घोडी दारात आली. एकटीच.

फोन लागेना. लेओन्सिओ चर्चच्या मनोऱ्यात चढला, घंटेचा दोर लोंबतो त्या मजल्यावर. अशा वेळी त्या डोंगरात हरवल्याची घंटा वाजवतात. तीन टोले द्यायचे, थांबून हाकेचा कानोसा घ्यायचा, पुन्हा तीन. हरवलेला माणूस आवाजाच्या रोखाने गावात येतो, पण आधी घरी जात नाही. मनोरा चढतो आणि आपल्या हाताने एक टोला देतो. तो परतीचा टोला. तो पडल्याशिवाय घंटा थांबवायची नाही, हात सोलवटले तरी.

लेओन्सिओचे हात सोलवटले. टॉर्च विझली. तीन टोले... कानोसा... काहीच नाही.

मग जिन्यावर पावलं वाजली.

"आलास का रे गाढवा?"

त्याच्या मुठींखाली दोरावर दुसरा हात पडला. दोर खाली गेला. एक टोला.

लेओन्सिओने दोर सोडला आणि तो भिंतीला टेकून पोरासारखा रडला. "जा, सूप गरम आहे. आलोच मी."

पावलं उतरली. सावकाश.

तो घरी आला. दिवा नाही. भांड्यावर झाकण तसंच.

"बाउदि?"

धावत परत मनोऱ्यात. दोर ओढला. वर घंटा हलली, तुळई करकरली. आवाज नाही. पुन्हा ओढला. अंगातल्या सगळ्या जोराने. आवाज नाही. वर जाऊन बघायला छाती झाली नाही. मुकी घंटा तो उजाडेपर्यंत ओढत राहिला.

"गेला का हो बाउदिलिओ?" नुरियाने हळूच विचारलं.

"उजाडल्यावर आला, चालत. वर चिडलेला. म्हणाला, 'घंटा का थांबवलीस? बरोबर आवाजाच्या रोखाने येत होतो. एक टोला पडला आणि सगळं गप्प. मला वाटलं, दुसरंच कुणी हरवलं होतं, ते पोचलं. मग पुढे पाऊल टाकवेना. तिथेच बसलो.' धुकं विरलं तेव्हा त्याच्या बुटांपुढे हातभर गवत होतं. त्यापुढे कडा. धुक्याने आवाज फिरवला होता रे. गाव त्याच्या पाठीमागे होतं. आणखी तीन टोले पडले असते, तर लेओन्सिओच्याच घंटेने त्याला कड्याखाली नेलं असतं."

गोयो हसला नाही.

"मग दोघे घंटेपर्यंत वर चढले. घंटेच्या लोलकाला कच्ची लोकर गुंडाळून दोरीने आवळली होती. रात्री परक्या शिवारातून कळप न्यायचा असला की जुने मेंढपाळ मेंढ्यांच्या घंटा तशा मुक्या करत. आणि आमच्या गावातला शेवटचा कळप माझ्या लग्नाआधीच गेला."

"कुणीतरी चेष्टा केली असेल." गोयोचा आवाज बारीक झाला होता.

अबिलिओकाकांनी शेगडीतले निखारे सारखे केले.

"असेल. घंटेवर बर्फ धरलं होतं. बाउदिलिओने लोकरीला हात लावला... ऊबदार होती. नुकतीच मेंढीच्या अंगावरून उतरवल्यासारखी."