भिंतीला टेकलेली थप्पी

सोमवारी सकाळी महाडच्या गोदामात मशीनने आकडा दाखवला. पाचशे साठ. भातबियाण्याची पोती हवी होती सहाशे.

चाळीस पोती गायब.

"खरं बोल भागोजी, नाहीतर पोलिसांना फोन लावतो," मालक चिंतामणी म्हणाले.

"चोर म्हनून कापड्याला गावी कसा जाऊ, शेट? सहाशेच हायेत." तीस वर्षं गोदाम सांभाळलेला भागोजी म्हणाला.

"म्हातारपणी मोजायला बोटं कमी पडली असतील," हर्षद हसला. मशीन त्यानेच बसवलं होतं. आधीच्या दोन चाचण्यांत भागोजीची मोजणी बरोबर निघाली होती, मशीनची चुकली होती. आजची तिसरी, शेवटची.

चिंतामणींची ईरा शाळेच्या गणवेशातच आली होती. दहावीत होती आणि मोठ्यांना घाबरायचं तिने नुकतंच सोडलं होतं.

"बाबा, हाताने मोजली कुणी?"

"मग मशीन कशाला आणलंय?"

तिने मोजली. सहाशे.

कोपऱ्यात चाळीस पोत्यांची थप्पी होती. पोत्यांची शिवलेली तोंडं भिंतीकडे, आणि मशीनने वाचायची चिठ्ठी तोंडाशीच. ट्रॉलीवरच्या स्कॅनरला दिसणार कशी?

"म्हणजे यांनीच लपवली," हर्षद लगेच म्हणाला. "तोंडं आत ठेवायची यांची जुनी खोड आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. महिनाभर सगळं यांच्याकडूनच शिकलो."

"अर्धंच शिकलात." ईरा शेजारच्या थप्पीला मागून फेरी मारून आली. "काकांची प्रत्येक थप्पी भिंतीपासून हातभर लांब असते, ओल लागू नये म्हणून. त्या फटीतून तुमचा स्कॅनरही मागच्या चिठ्ठ्या वाचतो. ही एकच टेकलीय. खालची पोती दमट झालीत. काका बियाणं कुजवतील? गोदामाच्या किल्ल्या दोन, एक त्यांची, एक तुमची. आणि आज मशीन हरलं असतं तर नोकरी तुमची जाणार होती."

हर्षद बुटांकडे बघत राहिला. "काल रविवार होता," तो म्हणाला. "थप्पी भिंतीला लावायला तीन तास लागले."

ईराने ताठ मानेने बाबांकडे पाहिलं.

"बरं. भागोजी, तू चोर नाहीस," चिंतामणी म्हणाले. "पण किल्ली ठेव. आता मशीन आहे."

"आणि हर्षददादा?"

"त्याला काढलं तर मशीन कोण चालवणार?"

भागोजीने किल्ली टेबलावर ठेवली. मग कोपऱ्यात जाऊन एकटाच पोतं ओढू लागला.

"राहू दे ते."

"ओल लागलीय, शेट. रुजायचं नाय."

चिंतामणींनी घड्याळ पाहिलं. "ईरा, शाळेला उशीर होतोय तुला."