चौथी चकती

ही घडलेली गोष्ट आहे. माझं काम नद्या मोजण्याचं आहे. किती वाजता किती पाणी होतं, हे मी लिहून ठेवते, आठवणीवर सोडत नाही. इथे दिलेल्या वेळा माझ्या नोंदवहीतल्या आहेत.

बाकीचं कुठल्याच वहीत नाही.

२७ ऑगस्ट २०१९. मंगळवारची संध्याकाळ. आइसलंडच्या दक्षिणेला, हिमनदीच्या पायथ्याशी, माझा थोरला भाऊ केटिल याची शेड.

केटिल जीप पाण्यात घालण्यालायक करून देतो. इंजिनाची हवेची नळी छतापर्यंत न्यायची, तारांच्या जोडांवर ग्रीस भरायचं, पंख्याचा पट्टा सैल करायचा, पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधायची. आमच्याकडे त्याच्यासारखं काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं.

त्या संध्याकाळी शेडमध्ये उभी असलेली जीप मात्र त्याची नव्हती. ती ओडगेइरची होती.

ओडगेइर आमचा शेजारी. मेंढपाळ. दोन वर्षांपूर्वी त्यानं ही जीप केटिलकडे दिली आणि म्हणाला, "पलीकडे पोचेपर्यंत पाय भिजता कामा नयेत, एवढं बघ."

गाडीच्या तळाला चार भोकं असतात. त्यांना रबरी बुचं असतात. खोल पाण्यात शिरण्याआधी ती काढायची, म्हणजे पाणी आत येतं आणि गाडी जड राहते. केटिलनं ती चारही भोकं लोखंडी चकत्या वेल्ड करून कायमची बंद केली आणि वरून काळा रंग फासला.

तेव्हा मी शेडमध्येच होते. मी त्याला हिशोब सांगितला होता. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढलं की साधारण सातशे किलो वजन उचललं जातं. गाडी दोन टनांची. पाणी आत आलं नाही, तर तीस सेंटिमीटरला ती तरंगणार.

"मग बोट म्हणून विकू," तो म्हणाला होता.

ओडगेइर त्याच शरद ऋतूत डिम्मा नदीत गेला. गाडी सात किलोमीटर खाली एका रेतीच्या बेटाला टेकलेली सापडली. सरळ उभी. चालकाच्या बाजूची काच खाली केलेली. सीटवर थर्मास. पायाखालचं कार्पेट कोरडं.

ओडगेइर सापडला नाही. आजपर्यंत नाही.

तो घाबरून मध्येच बाहेर पडला, असं ठरलं. चौकशीला आलेल्या माणसानं मला एकच प्रश्न विचारला होता.

"गाडीत काही वेगळे बदल केले होते का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

त्यानंतर केटिलकडे काम येणं थांबलं. समोर कुणी काही बोललं नाही. फक्त गाड्या येईनात. ओडगेइरच्या बायकोनं, थोरहल्लानं, ती जीप मागितली नाही. ती आमच्याच अंगणात पडून राहिली, आणि त्या उन्हाळ्यात केटिलनं ती पुन्हा चालू केली.

"उद्या डिम्मा पार करायची," तो म्हणाला. "त्याच जागेवरून, याच गाडीतून. फोटो काढ. मग बघू कोण काय कुजबुजतं."

"आधी चकत्या काढ."

"काढतो की. आणि लोकांना काय सांगू? चूक माझी होती म्हणून?"

"हो."

"शास्त्रज्ञबाई, तू पाणी मोज. गाड्या मला कळतात. आत एक थेंब नव्हता, बर्गल्योट. एक थेंब. माणूस चुकला, माझं काम नाही."

दारात कुणीतरी उभं होतं. थोरहल्ला होती. किती वेळ, ते माहीत नाही. तिनं उंबरा ओलांडला नाही.

"ही गाडी घेऊन जाऊ नकोस, केटिल."

"गाडीनं काय केलंय?"

"गाडीनं केलं, असं मी कुठे म्हटलं?"

केटिल पाना पुसत राहिला. ती माझ्याकडे वळली. "आणि तू? तू गप्प राहण्यात हुशार आहेस."

ती गेली. केटिलनं इंजिन चालू करून बघितलं, अंगणात दोन चकरा मारल्या, गाडी आत आणून बंद केली आणि जेवायला निघून गेला.

मी नळ्या तपासायला थांबले.

गाडीच्या ॲक्सलला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असतं. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी ओढलं जातं. म्हणून तिथे रबरी नळी लावून तिचं टोक वर बॉनेटखाली आणतात. गाडी बंद केल्यावर काही वेळ ती नळी हवा आत ओढते. मी टोकावर बोट ठेवलं. ओढ लागत होती. बरोबर होतं.

मग ओढ थांबली.

आणि...

नळीनं हवा बाहेर सोडली.

थंड होत जाणारा ॲक्सल हवा बाहेर सोडू शकत नाही. मी बोट काढलं, परत ठेवलं. आत. बाहेर. आत. बाहेर. मी घड्याळ लावलं. मिनिटाला अकरा.

वास हिमनदीच्या गाळाचा होता. आणि त्यात थोडा कॉफीचा.

मी बॉनेट लावलं आणि घरात गेले. केटिलला सांगितलं नाही. तो हसला असता. मी सोबत असले तर तो निदान जपून चालवेल, एवढाच माझा विचार होता. मला एकच भाऊ आहे.

२८ ऑगस्ट. पहाटे पाच चाळीस.

हिमनदीचं पाणी पहाटे सगळ्यात कमी असतं. म्हणून ही वेळ. उजाडत होतं. काठावर गाडी थांबवून आम्ही दहा मिनिटं कॉफी प्यायलो. तापलेली गाडी लगेच पाण्यात घालायची नसते.

केटिलनं पेला झटकला. "ऐकतेस का?"

"काय?"

"काहीच नाही."

खरंच काही नव्हतं. डिम्माच्या तळाशी दगड गडगडत असतात. लांबून बोलणं ऐकू येऊ नये इतके. मी अकरा वर्षं ती नदी मोजते आहे, तो आवाज कधी थांबलेला नाही.

त्या पहाटे पाणी जोरात वाहत होतं...

आणि दगड गप्प होते.

"परत जाऊ या," मी म्हणाले.

"आवाज नाही म्हणून? तुझ्या ऑफिसात हे असं लिहून देतेस का?"

आमच्याकडे रीत आहे. ज्या पाण्यातून चालत जाता येत नाही, त्यात गाडी घालायची नाही. एकानं कमरेला दोर बांधून पाणी पार करायचं आणि पलीकडे, जिथे बाहेर निघाला तिथेच उभं राहायचं. चालक त्याच्या दिशेनं गाडी आणतो. दोन्ही हात वर म्हणजे ये. डोक्यावर हातांची फुली म्हणजे येऊ नकोस.

मी केशरी रबरी सूट चढवला आणि उतरले. वरच्या अंगानं रेतीचा उंचवटा होता. पाणी मांडीपर्यंत आलं, त्याच्या वर गेलं नाही. सहा मिनिटांत पलीकडे पोचले. माझ्यापासून खालच्या बाजूला वीसेक पावलांवर डोह होता. ओडगेइर तिथेच गेला होता.

मी दोर सोडला आणि दोन्ही हात वर केले.

केटिल पाण्यात उतरला. पहिले पाच मीटर सरळ माझ्याकडे आला.

मग त्यानं गाडी वळवली.

खाली. डोहाकडे.

मी डोक्यावर फुली केली. ओरडले. त्याची नजर माझ्याकडे नव्हती. तो माझ्या उजवीकडे, खालच्या काठाकडे बघत होता आणि अगदी शांतपणे, जसं चालवायला हवं तसं चालवत होता.

मी त्या काठाकडे पाहिलं.

तिथे कुणी नव्हतं.

गाडी डोहाच्या कडेला आली. पुढचं तोंड किंचित उचललं गेलं. मग मागचं. मग ती फिरू लागली, सावकाश, बशीतल्या कपासारखी. तरंगत होती. मी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आकड्यावर.

मी सेकंद मोजले. दुसरं काही करता येत नव्हतं.

दहा. केटिल काचेचा दांडा फिरवत होता. काच खाली येत नव्हती.

वीस. तो खांद्यानं दार ढकलत होता. बाहेरच्या पाण्यानं ते दाबून धरलं होतं.

तीस. त्यानं धडपड थांबवली. मान खाली घातली. पायाशी बघू लागला.

एकेचाळीसला गाडी एकदम खाली बसली. चाकं तळाला लागली. इंजिन चालूच होतं. पाणी खिडकीच्या काठापर्यंत आलं, आणि ती रांगत रांगत काठावर आली.

मी दार ओढलं. आतून पाणी ओसंडलं. केटिल कमरेपर्यंत भिजला होता आणि दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता.

"खाली का वळलास?"

"तू तिथे उभी होतीस."

"मी इथे होते."

"केशरी सूट. दोन्ही हात वर." मग हळू आवाजात, "तुझ्यापेक्षा उंच होतीस. ते तेव्हा लक्षात आलं नाही."

"पाणी आत कसं आलं?"

त्यानं बाजूच्या सीटकडे पाहिलं.

सीटवर लोखंडी चकत्या होत्या. ओळीनं मांडलेल्या. कडा गुळगुळीत. तोडलेल्या नाहीत, गंजलेल्या नाहीत, जाळलेल्या नाहीत.

तीन.

"खालून कुणीतरी बोटांनी चाचपत होतं," केटिल म्हणाला. "एक निघाली. मग दुसरी. घाई नव्हती त्याला. मग तिसरी. चौथीपाशी थांबला."

मी वाकून तळ पाहिला. तीन भोकं मोकळी. चौथी चकती जागच्या जागी, वेल्ड शाबूत. मी ती नखानं ओढून पाहिली. तसूभर हलली नाही.

खालच्या काठावर मी एकटी गेले. ओल्या रेतीत बुटांचे दोन ठसे होते. मोठे. नदीकडे तोंड केलेले. तिथे येणारं पाऊल नव्हतं, तिथून जाणारंही नव्हतं. दोन्ही ठशांत पाणी भरलं होतं.

मी वळले, आणि मागे दगड पुन्हा गडगडू लागले.

त्याच दुपारी केटिल थोरहल्लाच्या घरी गेला. तिथून चौकशीच्या कचेरीत. सगळं सांगितलं. चकत्या, वेल्ड, काळा रंग. परत आला तेव्हा बऱ्याच दिवसांनी नीट जेवला.

"तुझं नाव घेतलं नाही," तो म्हणाला.

"का?"

"तुझं नाव कशाला? तू तर काहीच केलं नव्हतंस."

गाडी तपासायला नेली. अहवाल मी वाचला आहे. त्यात लिहिलंय, तळाची चारही भोकं मोकळी. तीन चकत्या जमा. चौथी मिळाली नाही.

सप्टेंबरात, मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या त्या दिवशी, कुंपणापाशी थोरहल्ला भेटली. तिच्या हातात सुपाचा वाडगा होता. तो तिनं माझ्या हातात दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलत होती.

"केटिलनं सांगितलं सगळं. बरं केलं त्यानं." मग म्हणाली, "चकत्या लावल्या तेव्हा तो शेडमध्ये एकटाच होता ना?"

सूप गरम होतं. तिचा चेहरा इतका मोकळा असतो, हे मी विसरले होते.

मी म्हणाले, "हो."

चार दिवसांनी मी डिम्माच्या काठावरच्या माझ्या मोजणीच्या खोलीत गेले. तिची किल्ली एकच आहे, आणि ती माझ्या गळ्यात असते. कुलूप लावलेलं होतं. आत माझी नोंदवही टेबलावर उघडी होती.

आणि तिच्यावर...

चौथी चकती. ओली. तिच्याखाली पानावरची शाई पसरली होती.

ती मी कुणाला दाखवलेली नाही. कपाटात आहे. कपाट कोरडं आहे, चकती मात्र अजून वाळत नाही.

माझी जीप साधी आहे, कामाची. मी उथळ पाण्यातच जाते, म्हणून केटिलनं तिला नळ्या कधी लावल्याच नाहीत. पण गाडी बंद करून उतरले की बॉनेटखालून आवाज येतो. आत. बाहेर. मिनिटाला अकरा. कालपासून ते नऊ झालेत. कमी होणं चांगलं की वाईट, ते मला माहीत नाही.

उद्या पुन्हा पातळी घ्यायला डिम्मापलीकडे जायचं आहे. पलीकडच्या काठावर कुणीतरी केशरी सूट घालून, दोन्ही हात वर करून उभं असेल, तर गाडीतून मला त्याची उंची कळणार नाही.

वाटेत थोरहल्लाचं घर लागतं. दर वेळी लागतं.