शेवटच्या प्रकरणातली यमू

अच्युत गरुडांच्या कादंबरीचं नवं प्रकरण चोरीला गेलं हे ऐकलं, तेव्हा शामला आपल्याच घरी चोरी झाल्यासारखं वाटलं. मिल बंद पडून त्याची कारकुनी सुटली होती आणि आता तो जयसिंगराव शितोळ्यांच्या हाताखाली खाजगी तपासाची कामं करत होता. पण गरुडांची ही कादंबरी, 'दुसरा भोंगा', त्याला अर्धीअधिक पाठ होती. विणकर दत्तू, त्याची लहानगी यमू, आणि शेवटी मिलच्या फाटकाशी डबा घेऊन बापाची वाट बघणारी ती पोर. भोंगा होतो, फाटक उघडतं, कादंबरी संपते.

राजेंद्र नगरच्या घराचं दार गरुडांनी स्वतःच उघडलं.

"नवी आवृत्ती निघतेय," ते म्हणाले. "मिलला कुलूप लागलं. उघडणाऱ्या फाटकावर पुस्तक संपवणं मला खोटं वाटायला लागलं, म्हणून शेवट बदलला. फाटक उघडत नाही. आणि यमू तापाने जाते."

"हे कोणाला माहीत होतं?" जयसिंगरावांनी विचारलं.

"प्रकाशनाच्या आशिषला, आणि माझ्या दोस्ताला, श्रीकृष्णला. तो मिलमध्ये विणकर होता, मी तिथल्याच ऑफिसात. दत्तू म्हणजे तोच. दोघांना सांगितलं होतं, वाचायला दिलं नव्हतं."

"आणि वहिनींना?"

"ती माझं काही वाचत नाही."

पानं ठेवलेल्या टेबलाच्या खणाला कुलूप नव्हतंच. आतली पेनं, घड्याळ जागच्या जागी होती. "पानांवर माझा चष्मा होता," गरुड म्हणाले. "उघडाच टाकतो मी नेहमी."

चष्मा आता त्याच्या डबीत मिटून ठेवलेला होता. जयसिंगरावांनी तो उजेडात धरला. काचा स्वच्छ पुसलेल्या होत्या.

गरुडांच्या पत्नी सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या.

"वहिनी, तुम्ही खरंच कादंबरी वाचली नाहीत?" जयसिंगरावांनी विचारलं.

"नाही हो. लोक येऊन सांगतात, तेवढी माहीत. पिवळा फ्रॉक घालून फाटकाशी उभी राहते ना ती मुलगी, सगळ्यांना तीच आवडते."

"तुम्हाला मुलंबाळं?"

"आम्ही दोघंच," गरुड घाईने म्हणाले. सुलोचनाबाई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

आशिष त्याच्या ऑफिसात भेटला. "हां, मी नको म्हणालो होतो, सर जी. यमू मेली तर किताब कोण घेणार? आजकाल लोकांना टीव्हीवर रोज नवं चॅनल मिळतंय. पण मी चोरी कशाला करू? न छापणं तर माझ्याच हातात आहे."

श्रीकृष्ण मिलच्या बंद फाटकासमोर सायकली दुरुस्त करत बसला होता. आत चिमणीवर पिंपळ उगवला होता.

"नवा शेवट तर मीच मागत होतो, भिया," तो आपल्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाला. "लोक किताब वाचून समजतात की भोंगा अजून वाजतो. अपना तो सब खतम. म्हटलं, सच छापा."

"दत्तू म्हणजे तुम्हीच ना?" शामने विचारलं.

"बोली माझी, झगडा माझा, कटलेलं बोटही माझंच. पण पोरगी माझी नाही. मला सगळे पोरंच. ती कहां से आणली, अच्युतराव कधी बोलले नाहीत." त्याने पान्हा खाली ठेवला. "अजून एक. किताबात दत्तू घेरावात मिलच्या आत अडकतो. मी तर बाहेर नारे देत होतो. आत बाबू लोक अडकले होते."

परतताना शाम म्हणाला, "मला आशिषच वाटतो."

"शामराव, यमूच्या फ्रॉकचा रंग कादंबरीत कुठे आहे?"

शामने आठवून पाहिलं. "रंग नाहीच. नुसता ठिगळाचा फ्रॉक आहे."

संध्याकाळी सगळे गरुडांच्या खोलीत बसले. जयसिंगराव हळू आवाजात बोलू लागले.

"आशिषला चोरीची गरज नव्हती. श्रीकृष्णला तर तोच शेवट हवा होता. आणि चोर काही चष्मा पुसून डबीत ठेवत नाही. ते हाताला सवय असलेलं माणूस करतं. वहिनींनी फ्रॉकचा रंग सांगितला. अच्युतराव, नव्या प्रकरणात तो रंग आहे?"

"नाही," गरुड म्हणाले.

"म्हणजे तो फ्रॉक पुस्तकातला नाही, या घरातला आहे. दत्तूचा राग श्रीकृष्णचा, पण मुलगी तुमची. घेरावात आत अडकलेल्या बाबूंमध्ये तुम्ही होतात. तेव्हा ती तापात होती."

"सुनंदा," गरुड म्हणाले. "फाटक उघडेपर्यंत ती गेली होती. बाबा आले का, हेच विचारत होती म्हणे. जगात फाटक वेळेवर उघडलं नाही, म्हणून मी पुस्तकात उघडलं." त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तू वाचलंस?"

"लिहिताना तुम्ही रडत होता," सुलोचनाबाई म्हणाल्या. "म्हणून वाचलं. पहिल्यांदाच. कादंबरी कधी वाचली नाही, कारण लोक सांगायचे, त्यात ती जिवंत आहे. मला तेवढं पुरत होतं. एकदा माझ्या मांडीवर गेली ती. आता हजार घरांत पुन्हा जाणार. मला नाही सोसवलं."

त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेतून पानं घेऊन आल्या. जाळली नव्हती. नीट घडी घातलेल्या कपड्यांत ठेवल्याने पानांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांनी ती नवऱ्यापुढे ठेवली.

श्रीकृष्ण मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मला पता नव्हतं. राहू दे तो शेवट. जुनाच छापा."

"नाही भावजी," त्या म्हणाल्या. "मिल बंद झाली ते खरं आहे. तुमची घरं बसली तेही खरं. ते छापलंच पाहिजे." मग नवऱ्याकडे वळल्या. "फाटक बंदच ठेवा तुम्ही. पण तिला तिथे उभी ठेवू नका. घरी आणा."

गरुडांनी कोरा कागद पुढे ओढला. पेन हातात ठरेना, म्हणून ते शामपुढे सरकवलं. शामने टोपण काढलं.

"घरी आली की ती काय करायची?" गरुडांनी बायकोला विचारलं. "मी कामावर असायचो. मला माहीतच नाही."

सुलोचनाबाई खुर्ची ओढून बसल्या.

"आधी चपला फेकायची," त्या म्हणाल्या. "दोन दिशांना दोन."

शाम लिहू लागला.